इलिनॉयच्या काळ्या मातीत एक शनिवार

आपल्या त्रैमासिकात प्रवासवर्णनं पुष्कळ येतात. अलास्काची क्रूझ, यलोस्टोनचे गरम पाण्याचे झरे, झालंच तर तेरा दिवसांत युरोपातले दहा देश. मी ती आवडीने वाचते आणि थोडा हेवाही करते. माझा प्रवास मात्र शिकागोच्या उपनगरातल्या आमच्या घरापासून जेमतेम अडीच तासांचा. तिथे बघण्यासारखं काय होतं, असं कोणी विचारलं तर मक्याची खुंटं आणि चर्चचा एक हॉल, एवढंच सांगता येईल. पण त्या शनिवारने माझ्या माहेरी, वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी बरंच काही हलवलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी गेली वीस वर्षं इथे टॅक्सचं काम करते. फेब्रुवारी म्हणजे आमच्या धंद्यातला सुगीचा महिना. तरी ऑफिसातली एक मैत्रीण एकदा जेवताना म्हणाली, "शनिवारी माझ्याबरोबर चल. आमच्या भागात शेतकरी बायकांचा क्लास आहे. शेतीचा धंदा म्हणून आराखडा कसा करायचा, ते शिकवतात. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस ना?" तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. जमीन आईच्या आणि तिच्या गळ्यात पडली होती, आणि घरात ट्रॅक्टर चालवणारं कोणी उरलं नव्हतं. तिने आधी विचारून माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "शेतीचा क्लास? अगं, त्यापेक्षा डेव्हन अव्हेन्यूला जाऊ, भाजीपण होईल." ह्यांचा जन्म पुण्याच्या सदाशिव पेठेतला. शेतीशी संबंध हुरड्यापुरता. पण शेवटी गाडी ह्यांनीच चालवली, हे नमूद करते.

मी लगेच हो म्हणाले त्याला एक कारण होतं. त्या दिवसांत माझ्या टेबलाच्या खणात एक कागद पडून होता. दादाने पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा. त्याबद्दल पुढे येतेच.

शिकागोहून इंटरस्टेट ५७ धरून दक्षिणेला निघालं की कँककी मागे पडतं आणि मग जमीन अशी सपाट होते, की पोळपाटावर गाडी चालवल्यासारखं वाटतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं, सरींमध्ये साचलेलं बर्फ, आणि बर्फ वितळलं तिथे काळीभोर माती. दर काही मैलांनी एक पाण्याची टाकी, एक चर्च आणि धान्याची उंच पांढरी कोठारं. त्यांना इथे एलेव्हेटर म्हणतात. ह्यांना ती रॉकेटं वाटली. मला ती माती बघून काळजात काहीतरी झालं. आमच्या वावरातली काळी अगदी अशीच. पावसात पायाला किलोकिलोने चिकटणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी.

मैत्रिणीने नंतर सांगितलं, की ही जमीन आयती मिळालेली नाही. दीडशे वर्षांपूर्वी हा बराचसा भाग दलदलीचा होता. उंच गवत, डास आणि हिवताप. लोकांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून दिलं, तेव्हा कुठे पेरणी झाली. त्या नळ्यांचं जाळं अजूनही शेताखाली आहे आणि त्याच्या देखभालीचा खर्च अजूनही हिशोबात धरावा लागतो.

शॅम्पेन नावाच्या गावाच्या अलीकडे आम्ही वळलो. (नाव असलं तरी तिथे पिकतो तो मका आणि सोयाबीन.) चर्चच्या हॉलमध्ये पंचवीसेक बायका जमल्या होत्या. काही सत्तरीच्या, काही कडेवर मूल घेतलेल्या. कॉफीचा मोठा पिंप, घरून केलेले पाय, आणि प्रत्येकीपुढे एक जाडजूड वही. ह्यांना तिथे फारसं काम नव्हतं, ते युनिव्हर्सिटी बघायला निघून गेले.

हा क्लास 'ॲनीज प्रोजेक्ट' नावाच्या उपक्रमाचा. त्याची हकीकत आपल्या वाचकांना आवडेल. इलिनॉय विद्यापीठाच्या कृषी विस्तार खात्यात रूथ हॅम्बल्टन नावाच्या बाई काम करायच्या. त्यांच्या आईचं नाव ॲनेट, सगळ्या तिला ॲनी म्हणत. ॲनी गावातली मुलगी, लग्न होऊन १९४७ साली शेतकऱ्याच्या घरात आली. शेतात काही पिकवायचं ज्ञान नाही, पण बाईने वही धरली. कुठलं पीक किती पडलं, कुठल्या जनावराने किती दिलं, सगळं लिहीत गेली, आणि त्या वहीच्या जोरावर तिने वाईट वर्षांतही शेत टिकवलं. आईच्या आठवणीने लेकीने २००३ साली शेतकरी बायकांसाठी हा अभ्यासक्रम सुरू केला. तो आता तीसहून जास्त राज्यांत पोचला आहे. सहसा सहा बैठका असतात, आणि धंद्यातल्या पाच प्रकारच्या धोक्यांवर बोलणं होतं: पीक, भाव, पैसा, कायदा आणि माणसं. माणसं म्हणजे घरची सुद्धा.

'विस्तार' हा शब्द आपल्याकडच्या कृषी सहायकांमुळे आपल्याला माहीत आहे. त्याची इथली हकीकत अशी. लिंकनच्या सहीने १८६२ साली कायदा झाला, त्यातून राज्याराज्यांत शेतीची विद्यापीठं निघाली, आणि १९१४ च्या दुसऱ्या कायद्याने त्या विद्यापीठांतलं ज्ञान शेतकऱ्याच्या दारापर्यंत न्यायची व्यवस्था झाली. त्यामुळे असे क्लास इथे गावोगाव होतात, आणि बहुधा हिवाळ्यात होतात, कारण तेव्हा शेतात काम नसतं आणि पेरणीचे निर्णय अजून हातात असतात.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "तोटा व्हायचाच असेल तर तो आज, कागदावर होऊ दे. शेतात झालेला महाग पडतो." मग सगळ्यांना एक साधा तक्ता भरायला दिला. एका एकराचं सोयाबीन घ्या. बियाणं, खत, तणनाशक, डिझेल, यंत्राची झीज, विमा, कर्जाचं व्याज, जमिनीचं भाडं. स्वतःची मजुरी धरा. घरखर्च धरा. बेरजेला पिकाने भागा. जो आकडा येईल, त्याच्या वर भाव मिळाला तर धंदा, खाली मिळाला तर हौस.

मी मैत्रिणीच्या शेजारी बसून तिचा तक्ता भरला. पंचाईत तिथेच झाली. तिच्याकडे एकरी चौसष्ट बुशेल पिकतं. एक बुशेल सोयाबीन म्हणजे सव्वासत्तावीस किलो, म्हणजे एकरी सतरा क्विंटलच्या वर! आमच्या दादाला पाच क्विंटल झालं तर तो गावभर सांगतो. मी मनात म्हटलं, ह्या तर कुबेर आहेत. पण भाव होता बुशेलला दहा डॉलरच्या आसपास. रुपयांत मांडला तर क्विंटलला तीन हजार एकशे-दोनशे. म्हणजे वाशीमच्या बाजारापेक्षाही कमी. तिचा एकरी खर्च भाड्यासकट सातशे डॉलरच्या वर गेला आणि उत्पन्न साडेसहाशेच्या आत राहिलं. सतरा क्विंटल पिकवूनही तोटा.

हॉलमध्ये पुष्कळ जणींची तीच गत होती. पण कोणी रडलं नाही. बाईंनी विचारलं, "आता यातलं काय बदलता येईल?" मग एकेक निघायला लागलं. कोणी भाडं कमी करून घ्यायला मालकाशी बोलणार होती, कोणी शेजाऱ्याबरोबर भागीत यंत्र वापरणार होती, कोणी थोडं पीक पेरणीआधीच ठरलेल्या भावाने विकणार होती. एकीने तर सरळ सांगितलं, की त्या लांबच्या ऐंशी एकरांचा करार सोडून देते. फेब्रुवारी होता म्हणून हे शक्य होतं. जुलैमध्ये हा आकडा कळून उपयोग नसतो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. अमेरिकन शेतकरी हिशोब लिहितो, तो काही जन्मजात शिस्तीमुळे नव्हे. त्याला दरवर्षी 'शेड्यूल एफ' भरावं लागतं. टॅक्ससाठी का होईना, पावत्या जपाव्या लागतात. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. ही सवलत गरजेची आहे, पण तिच्यामुळे हिशोब मागायला दारात कोणी येत नाही. आमच्या बाबांचा सगळा जमाखर्च अडत्याच्या वहीत होता. आमच्या घरी फक्त शेवटची बाकी यायची.

दुपारी चिली आणि मक्याचा पाव होता. (मी बिनमांसाची चिली घेतली.) जेवणानंतरचा तास वारसाहक्काचा. फळ्यावर बाईंनी दोन चौकोन काढले: शेतावर राहिलेलं मूल, शेत सोडून गेलेलं मूल. म्हणाल्या, "सारखी वाटणी आणि न्याय्य वाटणी एकच असते असं धरून चालू नका. राहिलेल्याने वीस वर्षं राबून जमिनीची किंमत वाढवली असते, पण त्याच्या हातात रोकड नसते. गेलेल्याला वाटतं, माझंही ते घर आहे. दोघं बोलत नाहीत आणि मग वकील बोलतात." इलिनॉयमध्ये निम्म्याहून जास्त शेतजमिनीचा मालक एक आणि कसणारा दुसरा अशी स्थिती आहे. मालक पुष्कळदा शिकागोत किंवा फ्लोरिडात राहणारी मुलंबाळं. म्हणजे हा फळ्यावरचा दुसरा चौकोन तिथे घरोघर होता. मला मात्र वाटलं, बाई माझंच नाव त्यात लिहिताहेत.

आता त्या खणातल्या कागदाबद्दल. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. एकूण बारा एकर. आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. बहिणीने हसतमुखाने हक्क सोडायचा आणि भाऊबिजेला साडी घ्यायची. दादाला चार एकर विकून कर्ज फेडायचं होतं आणि त्यासाठी माझी सही हवी होती. मी वर्षभर चालढकल करत होते. मला जमिनीचे पैसे नको होते. पण मी परदेशी नागरिकत्व घेतलेली बाई. आमच्यासारख्यांना भारतात शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत मात्र घेता येत नाही. एकदा सोडली की गेली. त्या मातीवर आपलं नाव कुठेतरी आहे, एवढ्यावर मी शिकागोचे तीस हिवाळे काढले होते. हे दादाला कसं सांगायचं? आणि दादाला वाटत होतं, बहीण डॉलरमध्ये कमावते तरी चार एकरांवर डोळा ठेवून आहे. फोनवर आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो.

परत निघताना ह्यांनी मला विद्यापीठाच्या आवारात एक जागा दाखवायला नेलं. दुपारभर हिंडून त्यांनी ती शोधून ठेवली होती. भोवताली इमारती आणि मध्येच शेताचा एक छोटा तुकडा. ह्याला मॉरो प्लॉट्स म्हणतात. १८७६ पासून तिथे मक्यावर प्रयोग चालू आहेत. शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. ह्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. "आमच्या पेठेत असतं तर प्लॉटवर बारा मजली उठले असते," म्हणाले.

मला तिथे उभं राहून दुसरीच गोष्ट आठवली. १९६० साली पंतनगरला आणि १९६४ साली जबलपूरला कृषी विद्यापीठं निघाली, त्यांना हात दिला तो ह्याच इलिनॉय विद्यापीठाने. इथले प्राध्यापक तिकडे जाऊन राहिले, आणि त्याच काळात इथल्या वाणांच्या चाचण्या तिथे झाल्या. त्यातून भारतात व्यापारी सोयाबीनचा पाया पडला. आधी मध्य प्रदेशात पसरलं आणि मग ऐंशी-नव्वदच्या दशकांत विदर्भ-मराठवाड्यात आलं. माझ्या लहानपणी आमच्या वावरात ज्वारी, कपाशी आणि मूग असायचे. मी कॉलेजात असताना बाबांनी पहिल्यांदा सोयाबीन पेरलं. ज्या पिकाने आमच्या वावरातून ज्वारी घालवली, त्याची वाट ह्या गावावरून गेली होती. बियाणं गेलं, पण हिवाळ्यातली ही वही मात्र मागे राहिली, असं वाटून गेलं.

घरी आल्यावर पुढच्या रविवारी दादाला फोन लावला. म्हटलं, एका एकराचा हिशोब मांडू या. तो चिडलाच. "अवं बाई, आता तू अमेरिकेतून मले हिशोब शिकवतं काय? लिवल्यानं भाव वाढते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन तसाच चालू होता. तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला, "ताई, ह्याहिचं ऐकू नका. मी सांगतो तुम्हाले." वहिनी बारावी झालेली आहे. तिला प्रत्येक दिवसाचे मजूर तोंडपाठ होते.

तीन रविवार लागले. २०२४ च्या हंगामातला एक एकर असा निघाला: मशागत आणि पेरणी ३,२०० रुपये, बियाणं २,४००, खत २,३००, तणनाशक आणि फवारणी २,८००, निंदण-डवरणी २,०००, सोंगणी ४,०००, मळणी १,३००, वाहतूक-हमाली ५००. एकूण १८,५००. पिकलं पाच क्विंटल. दिवाळीच्या तोंडावर पैशाची निकड म्हणून व्यापाऱ्याला ४,१०० च्या भावाने दिलं. आले २०,५००. दादा लगेच म्हणाला, "पाय, दोन हजार सुटले ना!"

मी विचारलं, "आणि तुम्हा दोघांची मजुरी?" वहिनी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने दिवस मोजले. दादाचे आठ, तिचे सात. गावच्या मजुरीने ४,९५० रुपये. म्हणजे एकरी जवळजवळ तीन हजारांचा तोटा. दोघं राबूनही! क्विंटलला खरा खर्च ४,६९० रुपये पडला होता. त्या वर्षीचा सरकारी हमीभाव होता ४,८९२. हमीभावाने गेलं असतं तर दोघांची मजुरी निघून वर थोडं उरलं असतं. पण त्यासाठी वेळेवर नोंदणी, ओलाव्याची अट, बारदान्याची वाट बघणं, आणि तोपर्यंत घर चालवायला हातात पैसा हवा. तो नव्हता.

मग मी माझं काम केलं. बँकेचे जुने कागद काढले आणि बाबा गेल्यापासून मी घरी किती पाठवलं त्याची बेरीज मारली. कधी मोटारीसाठी, कधी बियाण्यासाठी, कधी पुतण्याच्या फीसाठी. वर्षाला सरासरी दीड लाख रुपये. मला त्याचा मनातून अभिमान होता, खोटं कशाला बोलू? आता तोच आकडा नऊ एकर सोयाबीनच्या हिशोबाशेजारी ठेवला तेव्हा लक्षात आलं, की शेताचा तोटा ह्या पैशांनी झाकला जात होता. दादाला तो दिसत नव्हता आणि मलाही. मी मदत करत होते की पांघरूण घालत होते? आपल्यापैकी पुष्कळ घरांतून असे पैसे जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. पैसे पाठवू नका असं माझं म्हणणं नाही. कशात घातले ते लिहून ठेवा, एवढंच. लिहिणं म्हणजे अविश्वास, हे आपल्या डोक्यात कुठून बसलंय कोण जाणे.

त्या वहीतून एक चांगली गोष्टही निघाली. सोयाबीनमध्ये दर काही ओळींनंतर तुरीचं आंतरपीक असतं. त्यातली थोडी तूर वहिनी घरी ठेवायची आणि गावातल्या बचत गटाच्या मिनी दालमिलवर डाळ करून वाशीमला ओळखीच्या घरांत विकायची. (ही छोटी दालमिल अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची देणगी आहे.) घरात तिला 'वहिनीचा किरकोळ धंदा' म्हणत. खर्च वजा जाता सगळ्यात जास्त पैसा त्या किरकोळ धंद्यात होता. हे कळल्यावर दादा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मंग तूच लिव आता वही."

दादाचा पहिला प्रश्न मात्र खोटा नव्हता. लिहून भाव वाढत नाही. ह्यावर आपल्यातल्याच एका परत गेलेल्या माणसाने आयुष्य वेचलं. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत चांगल्या नोकरीवर होते. १९७७ साली ते सोडून चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू शेती घेतली, स्वतः करून पाहिली, जमाखर्च मांडला, आणि उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव हवा ह्या एका मागणीवर १९७९ साली शेतकरी संघटना उभी केली. एकट्या शेतकऱ्याने वही लिहून बाजार बदलत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पण त्यांच्या लढ्याचीही सुरुवात वहीतूनच झाली. आणि त्यांचं दुसरं एक काम मला ह्या वेळी आठवलं. १९८९-९० च्या सुमाराला 'लक्ष्मीमुक्ती' नावाने त्यांनी शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली होती. हजारो घरांत ते झालं. आमच्या घरात नव्हतं झालं.

शेवटी मेमध्ये मी दादाला माझं म्हणणं सरळ सांगितलं. माझे चार एकर मला नकोत, पण ते विकायचेही नाहीत. ते वहिनीच्या नावावर होऊ देत. राबते ती, वही लिहिते ती, डाळ विकते ती. आणि वर्षातून एकदा वहीची प्रत मला पाठवायची, बस. हॉलमधल्या बाईंनी सांगितलं होतं तसं, सारखं आणि न्याय्य ह्यातला फरक मनात धरून बोलले. पलीकडे कोणी बोलेना. मग आई म्हणाली, "एवढी वर्षं माझ्या नावावर चूल होती. तिच्या नावावर वावर होऊ दे." दादाने विरोध केला नाही. त्याला त्या चार एकरांपेक्षा बहिणीच्या मनात काय आहे ते कळत नव्हतं, ह्याचाच जास्त त्रास होत होता, असं तो नंतर म्हणाला. मलाही त्याचाच होत होता. कागदपत्रं वकिलामार्फत चालली आहेत. परदेशातून हे सोपं नाही, ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे.

त्या जूनमध्ये त्यांनी नऊऐवजी सहा एकरांतच सोयाबीन पेरलं, तुरीच्या ओळी वाढवल्या, आणि नवं कर्ज काढलं नाही. इथे गोष्ट गोड संपवता आली असती. पण २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भ-मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. आमच्या सहातल्या चार एकरांत पाणी उभं राहिलं. त्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला होता, पण विकायला होतं काय? तूर थोडी वाचली. वही पाऊस थांबवू शकत नाही. फक्त, तीन एकर कमी पेरलं होतं आणि डोक्यावर नवं कर्ज नव्हतं, म्हणून घर उभं राहिलं, असं वहिनी म्हणते.

ह्या फेब्रुवारीत मैत्रीण पुन्हा क्लासला गेली. तिने लांबची जमीन भाड्याने देऊन टाकली आहे आणि उरलेली शेजाऱ्याबरोबर करते. मी ह्या वेळी गेले नाही. त्याच शनिवारी रात्री, म्हणजे तिकडच्या रविवारी सकाळी, वहिनीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पुतण्याच्या जुन्या शाळेच्या वहीचं पान, निळ्या शाईने आखलेलं. वर लिहिलं होतं 'खरीप २०२६, एक एकर'. खाली पहिल्याच ओळीत, बियाण्याच्याही आधी, तिने लिहिलं होतं: 'माझी मजुरी, सात दिवस.'